चालू लॅपटॉपवर अक्षता

खंडेनवमीच्या दिवशी मी चालू लॅपटॉपवर अक्षता टाकल्या.

आज हे सरळ लिहितोय. त्या वेळी माझ्या तोंडून हे निघायला भाऊबीज उजाडावी लागली. मधल्या वीस-बावीस दिवसांत मी बायकोवर, दुकानदारावर, वीजवाल्यांवर, एसटीतल्या एका निरपराध कंडक्टरवर आणि एका काळ्या डब्यावर इतका ओरडलो, की शेवटी मिठाच्या गुळण्या सुरू कराव्या लागल्या. गुळण्या करतानाही मनातल्या मनात मी शिव्याच देत होतो.

आमच्या सांगलीच्या घरात खंडेनवमीला पाटावर दरवर्षी तीच मंडळी बसतात. विळी, अडकित्ता, पाना, हातोडी आणि शाळेतून निवृत्त होताना मी घरी आणलेली लाकडी फूटपट्टी, जिनं बऱ्याच तळहातांवर काम केलंय. यंदा बायको म्हणाली, "दिवसभर ज्याच्यात नाक घालून बसता, ते तेवढं राहिलं की."

मला पटलं. तिचं मला क्वचितच पटतं, आणि पटतं तेव्हा हे असं होतं.

लॅपटॉप दहा वर्षांचा. मुलानं नवा घेतला तेव्हा हा माझ्या गळ्यात पडला. वजनाला पाट्यासारखा. बुडाला हवा आत घ्यायची जाळी असते, तिच्या दोन पट्ट्या मोडलेल्या. त्याही मीच मोडल्या. आतली धूळ काढायला सायकलची तार घातली होती. धूळ होती तिथंच राहिली.

तर मी पाटावर कुंकवात कालवलेल्या अक्षता पसरल्या, त्यावर लॅपटॉप ठेवला, झाकण उघडून हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, वरूनही मूठभर अक्षता टाकल्या आणि पळीनं पाणी शिंपडलं.

"बंद केलाय ना?" बायकोनं विचारलं.

"चालू यंत्राचीच पूजा खरी," मी म्हणालो.

"विळी काय चालू असते होय?"

असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

त्या दिवशी अवजाराला हात लावायचा नसतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. भाजीसुद्धा विळीची पूजा व्हायच्या आधी चिरून ठेवतात. पण पूजा आटपते न आटपते तोच मला एक वाक्य सुचलं. आणि मला वाक्य सुचलं की मी थांबत नाही, हा माझा जुना रोग आहे. पाटासमोर मांडी घातली, झेंडू बाजूला सारला, कीबोर्डवरच्या अक्षता फुंकरीनं उडवल्या आणि वाक्य टाइप केलं. मोठ्यानं वाचून बघितलं. फार आवडलं. सेव्ह केलं. तेवढ्यात आतून कर्र असा आवाज आला आणि पडदा काळा झाला.

आता त्या डब्यात काय होतं ते सांगतो, म्हणजे माझा राग नुसता तापटपणा नव्हता हे कळेल. थोडा होता.

आमचे शेजारी अण्णा माधवनगरला कापडमिलमध्ये जॉबर होते. माग बिघडला की ज्याला हाक मारायची, तो जॉबर. मिल बंद पडून जमाना झाला. पुढं काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली आणि मुलानं त्यांना साताऱ्याला स्वतःकडं न्यायचं ठरवलं. जायच्या आधीचा सगळा उन्हाळा ते दुपारी माझ्या कट्ट्यावर येऊन बसत. ते सांगत गेले, मी लॅपटॉपवर उतरवत गेलो. मिलचा भोंगा, सुताची धूळ, कँटीनचा चहा. आणि एका दुपारी त्यांच्या धाकट्या भावाचं.

दोघं भाऊ एकाच मिलमध्ये. नागपंचमीला अण्णांना शिराळ्याला नाग बघायला जायचं होतं आणि नेमकी त्यांची पहिली पाळी लागली होती. धाकटा म्हणाला, तू जा, तुझी पाळी मी करतो. सकाळी सायकलवरून मिलकडं जाताना तो ट्रकखाली गेला. अण्णांनी घरात सांगितलं की पाळी त्याचीच होती. मग ते तसंच राहिलं. वर्षानुवर्षं राहिलं. भावाची मुलगी तेव्हा पाळण्यात होती.

"तिला कळाया पायजे," अण्णा म्हणाले होते. "पन माझ्या तोंडनं दुसऱ्यांदा निघायचं न्हाई. तुमी लिवलंय त्येच वाचून दावा तिला. भाऊबीजेला ती येती साताऱ्याला. तुमी बी या."

मी शब्द दिला. आणि त्या लिखाणाची जगात एकच प्रत होती, ती त्या काळ्या डब्यात. बायकोनं मे महिन्यातच सांगितलं होतं, छापून अण्णांच्या हातात द्या. मी म्हणालो, एवढ्यात नाही. मी ते सुधारत होतो. अण्णांचं बोलणं ओबडधोबड; तीस वर्षं लाल पेन चालवलेला माझा हात गप्प बसेना. खंडेनवमीला सुचलेलं वाक्यही तिथलंच. अण्णांनी सांगितलं होतं, "भाऊ ट्रकखाली गेला." मी त्या जागी घातलं, "क्रूर काळाने त्या कोवळ्या जिवावर घाला घातला."

या वाक्यासाठी मी यंत्र चालू ठेवलं होतं. असो. म्हणजे असो कसलं, अजून रक्त उकळतं.

दसऱ्याच्या सकाळपासून माझी लढाई सुरू झाली. बटण दाबलं की हिरवा दिवा लागे, कुठून तरी टीं असा आवाज येई, काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ उमटे आणि सगळं बंद. चष्मा माझ्या कपाळावर असायचा. तो नाकावर आणेपर्यंत ओळ गेलेली. मी म्हटलं, कंपनीचं नाव असणार. या लोकांना स्वतःचं नाव मिरवायची भारी हौस.

मग बॅटरी काढून घातली. शेजारच्यांचा चार्जर आणला, तो लागलाच नाही, त्यावरून शेजाऱ्यांशी वाजलं. घरात विजेचा दाब कमीजास्त होतो म्हणून वीजवाल्यांना फोन केला. पलीकडच्या बाईंनी ग्राहक क्रमांक विचारला, मी त्यांना यंत्राचा इतिहास सांगितला. त्यांनी फोन ठेवला. मोबाइलवर एकानं सांगितलं होतं, बटण तीस सेकंद दाबून धरा. मी पाच मिनिटं धरलं. अंगठा पांढरा पडला, लॅपटॉप काळाच राहिला. दुसऱ्यानं सांगितलं, बुडाचं छोटं झाकण उघडून रॅमची पट्टी काढा आणि तिचे सोनेरी दात खोडरबरनं पुसा. मास्तराच्या घरात खोडरबरला तोटा नाही. मी पुसलं. अर्धं पुसून झाल्यावर लक्षात आलं की मी शाई खोडायची निळी, खरखरीत बाजू वापरतोय. कागदाला भोक पाडते ती. यावर मी खोडरबर बनवणाऱ्यांना शिव्या दिल्या. एकाच वडीला दोन बाजू कशाला हव्यात?

"पाणी शिंपडलं होतंत ना पूजेचं?" बायको म्हणाली. "ते आत गेलं असंल."

पाणी! मला एकदम उजेड पडला. फोन भिजला की तांदळात ठेवतात हे कुणालाही ठाऊक आहे. मी लॅपटॉप उचलला आणि तांदळाच्या मोठ्या डब्यात उताणा-पालथा करून, चांगला दाबून, वरून आणखी तांदूळ ओतून दोन दिवस पुरला. त्या दोन दिवसांत घरात भाकरीच झाली. कुणी आलं की बायको सांगायची, "भात नाही. तांदळात पाहुणा बसलाय."

पाहुणा बाहेर काढला. झटकला. बटण दाबलं. दिवा, टीं, पांढरी ओळ, अंधार. पण यावेळी आत आणखी काहीतरी खडखडलं. मी ते चांगलं लक्षण समजलो.

शेवटी बोळातल्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार तिशीतला, एका कानात फोनची गोळी घातलेला. माझं बोलणं ऐकताना तो मधेच "हां, पाठवून दे" असं म्हणे, ते मला की गोळीतल्या माणसाला, कळत नव्हतं. त्यानं माझ्यासमोर एकदा बटण दाबलं, तेव्हाही तो पडद्याकडं न बघता भिंतीकडं बघून बोलत होता.

"काका, ठेवून जावा. उघडून बघायला लागंल."

"ठेवून जावा म्हणजे? यात एका माणसाचं खाजगी लिखाण आहे!"

"मी कुठं वाचत बसतोय काका?"

"तुझा काय भरवसा? इथं माझ्यासमोर उघड."

"समोर नाही जमत. गिऱ्हाईक हायेत." दुकानात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. "नाहीतर मग नवीन घ्या. दहा वर्षं झाली याला. जुनं झालं, टाकून द्यायचं."

मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. जुनं झालं म्हणून टाकायचं असेल तर मलाही उचलून टाक म्हणालो, एवढं आठवतं. तोही तयार दिसला. लॅपटॉप पिशवीत कोंबून मी बाहेर पडलो. बोळाच्या तोंडाशी आल्यावर कळलं, की तो बिचारा उघडून बघतोच म्हणत होता. पण ओरडून बाहेर पडलेल्या माणसाला परत आत जाता येत नाही. निदान मला येत नाही.

दिवाळी आली. रोज सकाळी मी ठरवायचो, आज अण्णांना फोन करून सांगायचं. रोज सकाळी आधी एकदा बटण दाबून बघायचो, मग इतका संतापायचो की फोन करायच्या लायकीचा राहायचो नाही. पाडव्याला अण्णांचाच फोन आला. "मास्तर, उद्या ती तीनला येती. तुमी जरा आदी या." मी "हो" म्हणालो. नुसतं हो. बायको माझ्याकडं बघत होती, म्हणून तिच्यावर ओरडलो.

भाऊबीजेला बायको तिच्या भावाला ओवाळायला मिरजेला गेली आणि मी साताऱ्याच्या गाडीत बसलो. मांडीवर पिशवी. कराड येईपर्यंत मी मनात तीन भाषणं तयार केली. पहिल्यात दोष कंपनीचा होता, दुसऱ्यात दुकानदाराचा, तिसऱ्यात वीजवाल्यांचा. चौथं भाषण सुचेना.

गाडीत मुंगीला जागा नव्हती. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, मांडीवरचं वर ठेवा की. काय हाय त्यात?"

"प्रेत!" मी ओरडलो.

शेजारचा माणूस उठून दांड्याला धरून उभा राहिला. साताऱ्यापर्यंत ती जागा रिकामी होती. एवढ्या गर्दीत.

अण्णा खोलीत कॉटवर बसले होते, नवा सदरा घालून. माझी चाहूल लागताच म्हणाले, "आला का मास्तर? आनलं का?"

मी पहिलं भाषण सुरू केलं. मग दुसरं. तिसऱ्याच्या मध्यावर आवाज इतका चढला की त्यांची सून स्वयंपाकघरातून पळत आली. अण्णांनी मला पुरतं बोलू दिलं. मी दम खायला थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हंजे न्हाई आनलं?"

"नाही, अण्णा."

ते न दिसणाऱ्या डोळ्यांनी दाराच्या दिशेनं बघत बसले. मला वाटलं, एक शिवी द्यावी या माणसानं, मोठी, म्हणजे मला उलट ओरडता येईल.  भिंतीवरच्या घड्याळात सव्वा वाजला होता.

मग अण्णा म्हणाले, "आना हिकडं त्ये. पोरी, स्क्रूडायवर दी गं."

सुनेनं दिला. अण्णांनी लॅपटॉप मांडीवर घेतला, तळव्यानं चाचपला, स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्याच्या बुडाला टेकवलं आणि मुठीकडची बाजू कानाच्या हाडाला लावली. मिलमध्ये मागाच्या पोटातलं ते असंच ऐकायचे. "दाब बटन," ते सुनेला म्हणाले.

दिवा, टीं, अंधार.

"परत दाब."

तिनं परत दाबलं. अण्णांचा चेहरा बदलला. कित्येक दिवसांनी ओळखीचं माणूस भेटावं तसा.

"पंखा हाय ह्यात. फिराया बगतोय आन अडतोय. सूत नेनारा धोटा अडकला की माग असाच करतुया."

"अण्णा," सून म्हणाली, "पडद्यावर लिहूनच येतंय की. पांढऱ्या अक्षरात. फॅन एरर."

"ती कंपनीची…" मी म्हणालो आणि थांबलो.

तिनं माझ्याकडं बघितलं. तीस वर्षं मी परीक्षेच्या वर्गात ओरडत फिरलो होतो, आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. वीस दिवस ते यंत्र रोज, न चुकता, मला स्वतःचं दुखणं लिहून दाखवत होतं. मी चष्मा शोधत होतो.

"पण मग ते बंद का पडतं?" मी चिडून विचारलं. "पंखा नसेना का, चालायचं की तसंच!"

"आवं, धागा तुटला की माग आपसूक थांबतो. तशी येवस्थाच आसती. थांबला न्हाई तर सगळं कापड नासंल. थांबतंय म्हंजे मशिन शानं हाय." अण्णा बोलता बोलता बोटांनी स्क्रू चाचपत होते आणि एकेक काढून सुनेच्या तळहातावर ठेवत होते. "वरडनारा येडा."

बुडाचं झाकण निघालं. अण्णांनी कॉटवर वर्तमानपत्र पसरायला लावलं, लॅपटॉप तिरका धरला आणि पाठीवर दोन टिचक्या मारल्या. कागदावर टप टप आवाज झाला. त्यांनी बोटानं चाचपलं.

"तांदूळ."

"सात दाणे," सून म्हणाली. "एक लाल, सहा पांढरे."

"लाल कुटला?"

तेव्हा मी ते वाक्य म्हणालो, जे वर अगदी सुरुवातीला लिहिलंय.

"आन पांढरे?"

"ते औषध म्हणून… नंतर… डब्यात ठेवला होता."

सून तोंडाला हात लावून स्वयंपाकघरात गेली. तिथून बराच वेळ भांडं पडल्यासारखं हसू येत राहिलं. अण्णा हसले नाहीत. "मिलमधी खंडेनवमीला आदी माग थांबवायचे. पुसायचे, त्याल घालायचं, मग पूजा. दसऱ्याला नारळ फुटल्याबिगर कुनी हात लावायचा न्हाई. चालत्या मागावर तांदूळ टाकला आसता कुनी, तर आमी त्यालाच पूजंला बसवला आसता."

बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा उजळला. मला आनंद व्हायला हवा होता. मला भयंकर राग आला. वीस दिवस मी ज्यांच्यावर ओरडलो, त्यातल्या एकाचाही दोष उरला नव्हता, आणि ज्याच्यावर ओरडावं असं खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

तीनला पुतणी आली. चाळिशीच्या पुढची, अंगणवाडीत काम करणारी, शांत बाई. तिनं चुलतभावाला ओवाळलं, अण्णांच्या पाया पडली. अण्णा तिला म्हणाले, "बस. मास्तर वाचत्यात त्ये ऐक. तुज्या बापाचं हाय." आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून बसले. 

मी चष्मा नीट नाकावर ठेवून वाचायला लागलो. आवाज लावून वाचलं. नागपंचमीचं वाचलं, पाळीचं वाचलं. त्यात मी 'बंधुप्रेमाची ज्योत' आणि 'कर्तव्याची हाक' असं बरंच काही घातलं होतं. मग ते वाक्य आलं. क्रूर काळाने त्या कोवळ्या जिवावर घाला घातला. मी क्षणभर थांबलो. अशा ठिकाणी थांबायचं असतं.

पुतणी माझ्याकडं बघत होती. "म्हंजे नेमकं काय झालं, काका?"

"म्हणजे नियतीनं…"

"न्हाई, पन पाळी कुनाची व्हती? त्ये कळलं न्हाई मला."

मी मागचं पान काढलं. कर्तव्याच्या हाकेत पाळी कुणाची ते मलाच सापडेना. मी घाईघाईनं खालीवर बघायला लागलो, कान तापले, वाटलं आता या लॅपटॉपला गच्चीवरून…

"थांबा मास्तर," अण्णा म्हणाले.

ते भिंतीकडून वळले. तिचा आवाज ज्या बाजूनं आला, त्या बाजूला तोंड केलं.

"पाळी माझी व्हती. मला शिराळ्याला जायचं व्हतं. तुजा बाप म्हनला, दादा, तू जा, मी करतो. माझ्या जागी गेला आन ट्रकखाली गेला. पाळी त्याचीच व्हती म्हनून घरात मी खोटं सांगितलं. आजवर तेच चालवलं."

एवढंच. दुसऱ्यांदा निघायचं नव्हतं ते निघालं. मी मांडीवर उघडा लॅपटॉप घेऊन बसलो होतो आणि आत पंखा फिरत होता, तो स्पष्ट ऐकू येत होता.

पुतणीनं विचारलं, "मग शिराळ्याला काय बगितलं?"

"काय न्हाई. वाटंतच निरोपानं गाठलं."

तिनं फराळाची बशी उचलली, अण्णांच्या हाताला लागेल अशी ठेवली. "खावा आदी," ती म्हणाली.  "सकाळधरनं उपाशी हाय म्हनं तुमी." अण्णांनी बशी चाचपली, एक करंजी उचलली आणि हातात तशीच धरून बसले.

मी तिथं गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, आणि चिडून म्हणालो, "अण्णा, हे एवढं तुम्ही बोलणारच होतात, तर मी इतके महिने घासत कशाला बसलो?"

अण्णांनी माझ्या दिशेनं मान वळवली.

"मशिनमधला तांदूळ मी काढला, मास्तर. लिवन्यातला तुमचा तुमी काढा."